तास झाला का विचारू नका, वही मागा

ऑगस्ट २०२१, कोरोनामुळं बहुतेक शाळा बंद आहेत. प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: "सर, मुलगी दहावीला आहे, मुलगा आठवीला. शाळा जिल्हा परिषदेची. घरात मोठा मोबाईल एकच. मुलगा दिवसभर मोबाईल धरून बसतो, विचारलं की तास चालू आहे म्हणतो. मी सातवी शिकलेली, मला त्यातलं कळत नाही. गेलं वर्ष असंच गेलं, परीक्षा न घेता वर घातलं. औंदा पण परीक्षा होणार नाही म्हणतात. एक जण टॅब घेऊन आला होता, हप्त्यानं देतो म्हणाला. घ्यावा का? दिवाळीच्या आगं-मागं आम्ही ऊसतोडीला कारखान्याला जाणार. लेकरांचं काय करावं?"

ताई, सगळ्यात आधी एक विचारतो, राग मानू नका. दहावी मुलीची आहे आणि मोबाईल दिवसभर मुलाच्या हातात, हे कसं? तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मी २४ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्रशालेत गणित शिकवतोय, बहुतेक वर्षं दहावीलाच. मागच्या वर्षी जूनमध्ये आम्हाला वर्गाची यादी करायला लावली, घरी स्मार्टफोन आहे की नाही. माझ्या वर्गात ५२ लेकरं. ३३ जणांपुढं 'आहे' लिहिलं गेलं. प्रत्यक्ष तास सुरू केला तर हजर अकरा-बारा, त्यात मुली तीन. बाकीचे फोन कुठं होते? वडिलांच्या खिशात, वावरात. नाहीतर थोरल्या भावाकडं. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीवाल्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये फोनवरून विचारपूस केली, तेव्हा ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी जवळपास ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. २०१८ साली हेच प्रमाण साडेछत्तीस टक्के होतं. म्हणजे या दोन वर्षांत लोकांनी फोन आणले, काहींनी टाळेबंदीत शेळी विकून, उसने घेऊन. पण घरात फोन आला म्हणजे पोरीच्या हातात आला असं होत नाही, आणि माझ्या त्या यादीत हे विचारायला रकानाच नव्हता.

तेव्हा पहिलं काम हे करा. संध्याकाळी सात ते साडेआठ मोबाईल मुलीचा. त्या वेळात तो कुणी मागायचा नाही, वडिलांनीसुद्धा. मुलाला सकाळचा तास-दीड तास पुष्कळ झाला. केंद्र सरकारच्या ऑनलाईन शिक्षणाच्या 'प्रज्ञाता' सूचनांत आठवीपर्यंत रोज दोनच तासिका सांगितल्यात, ३० ते ४५ मिनिटांच्या. दिवसभर तास चालू असणारी शाळा मला तरी माहीत नाही.

आता 'तास चालू आहे' या उत्तराकडं येतो. मी माझ्याच नोंदवहीच्या विरोधात बोलतोय, पण खरं सांगायला पाहिजे. ऑनलाईन तासाला मला लेकरं दिसत नाहीत, नावं दिसतात. रेंज जाईल म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद, आवाज बंद. एका पोराचं नाव रोज शेवटपर्यंत दिसायचं, मला कौतुक वाटायचं. एकदा त्याच्या घरावरून जाताना पाहिलं, तर फोन माळवदावर रांजणाला टेकवून ठेवलेला, कारण तिथंच रेंज येते. माझाच आवाज त्यातून येत होता. पोरगं खाली गोठ्यात. त्याला तरी काय बोलावं, म्हैस व्यायला आली होती.

हे कळल्यावरही मी दोन महिने तसेच तास घेत राहिलो. डोळे उघडले ते एका चुकीनं. चूक माझीच होती.

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. दहावीच्या बीजगणितातला पहिलाच धडा, दोन चलांतली रेषीय समीकरणं. शाळेतल्या फळ्यावर एक गणित सोडवलं, फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. ३एक्स + २वाय = ५ आणि एक्स − २वाय = ७. दोन्हींची बेरीज केली की वाय उडतो, ४एक्स = १२ राहतं, एक्स ३ येतो. तो पहिल्या समीकरणात घातला की २वाय = −४, म्हणजे वाय = −२. मी घाईत शेवटच्या ओळीला वाय = २ लिहिलं. ऋण चिन्ह राहून गेलं. त्या दिवसांत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा कोरोनाचा सर्व्हे आमच्याच गळ्यात होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. फोटोखाली चाळीसेक अंगठे आले, 'थँक यू सर' आले. एकानंही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात वाड्यावस्त्यांवर फिरून वह्या पाहिल्या. एकोणीस वह्या मिळाल्या. अठरा वह्यांत वाय = २. अक्षर सुंदर, उत्तराला लाल पेनानं चौकट, कुठं खाडाखोड नाही. एका वहीत तर माझ्या फळ्याच्या कोपऱ्यात राहिलेली जुनी तारीखसुद्धा उतरवलेली होती.

एकोणिसावी वही तांड्यावरच्या एका मुलीची. तिच्याकडं फोनच नव्हता. मैत्रिणीकडून तिनं फक्त प्रश्न उतरवून आणला होता. पानभर खाडाखोड. दोनदा गणित सोडून दिलेलं, आणि तिसऱ्यांदा वाय = −२. त्याच्याखाली बारीक अक्षरात ताळा: ३ − २ × (−२) = ३ + ४ = ७. मला म्हणाली, "मैत्रिणीच्या वहीत दोन होतं सर. सरांचं चुकलं का माझं, कळंना, म्हणून तीनदा केलं."

त्या दिवसापासून मी गटावर सोडवलेलं गणित टाकणं बंद केलं. फक्त प्रश्न टाकतो, आणि सांगतो की वहीचा फोटो ताळ्यासकट पाठवा, खाडाखोड असेल तर तीही दिसू द्या. काही पालकांनी तक्रार केली की सर शिकवत नाहीत, नुसते प्रश्न देतात. असो.

तुम्ही सातवी शिकलात म्हणता आणि त्यातलं कळत नाही म्हणता. ताई, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा हिशोब तुम्ही ठेवता का नाही? किती टन ऊस तोडला, किती फिटले, किती अंगावर राहिले? तेवढं येणाऱ्या माणसाला दहावीची वही तपासता येते. शिकवता येणार नाही, पण तपासता येईल, आणि सध्या जास्त गरज त्याचीच आहे. मुलीला म्हणायचं, उत्तर आलं ना, मग आता ते प्रश्नात घालून दाखव. एक्सच्या जागी तीन घाल, वायच्या जागी उणे दोन घाल, आणि दोन्ही बाजू सारख्या येतात का मला मोठ्यानं वाचून दाखव. बेरीज-गुणाकार तुम्ही कानांनी ऐकायचा. ती अडखळली की तिथं बोट ठेवायचं. का अडखळली हे तुम्हाला कळायची गरज नाही, तिला कळतं.

वही बघताना आणखी एक. जिथं अजिबात खाडाखोड नाही ते पान बहुतेक वेळा उतरवलेलं असतं. अशा पानावर हात ठेवून तेच गणित मागच्या पानावर करायला सांगा. जमलं तर तिनंच केलेलं. नाही जमलं तर ओरडू नका, खाली तारीख घाला आणि चार दिवसांनी पुन्हा तेच द्या. इतिहास-भूगोलाला हीच रीत थोडी वेगळी: पुस्तक मिटून धडा तुम्हाला सांगायला लावायचा, भाकरी थापता थापता ऐकायचा. विज्ञानाचे प्रयोग मात्र राहिलेत आणि घरी होणारही नाहीत. शाळा उघडली की आमच्याकडून भांडून करून घ्या.

तुमच्या मुलीचं खरं दुखणं दहावीचं नाही, नववीचं आहे. नववी तिनं मोबाईलवर काढली. नववीत बहुपदी असते, आणि दहावीतली वर्गसमीकरणं तिच्यावर उभी असतात. अवयव पाडता आले नाहीत की वर्गसमीकरणाचा धडा नुसता पाठ करावा लागतो, आणि पाठ केलेलं गणित आकडा बदलला की पडतं. १ जुलै ते १४ ऑगस्ट शाळांनी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम घेतला, मागच्या वर्षीचं राहिलेलं भरून काढायला. त्यात तीन चाचण्या होत्या. मुलीनं त्या सोडवल्या का, विचारा. सोडवल्या नसतील तर तिच्या सरांकडून तिन्ही चाचण्या मागून घ्या.

आणि अवयव शिकायचे तर त्यांचा धडा आठवीतच आहे. आठवीचं पुस्तक तुमच्या घरातच आहे, मुलाला शाळेतून फुकट मिळालेलं. 'बैजिक राशींचे अवयव' हा धडा मुलीनं मुलाला शिकवायचा. रोज अर्धा तास, मोबाईलशिवाय. तिची उजळणी होईल आणि त्याचा धडा होईल. भावाला शिकवताना जे अडतं ते आपल्यालाच आलेलं नव्हतं, हे तिच्या लगेच ध्यानात येईल. माझ्या वर्गातल्या दोन घरांत हा प्रयोग केला. एका घरी भावंडांची मारामारी झाली, दुसऱ्या घरी छान चाललंय. तुमच्याकडं काय होईल सांगता येत नाही, पण खर्च काहीच नाही.

नववी-दहावीची पुस्तकं मात्र विकत घ्यावी लागतात, फुकट आठवीपर्यंतच. नवा संच घेण्याआधी गावात विचारा. दहावीची पुस्तकं २०१८ साली बदलली, त्यानंतरचा कुठलाही जुना संच चालतो. ई-बालभारतीवर पुस्तकं मोबाईलवरही उतरवून घेता येतात, पण एका मोबाईलच्या घरात कागदाचं पुस्तक बरं, त्याला चार्जिंग लागत नाही.

परीक्षेचं. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये भूगोलाचा पेपर राहिला, तो राहिलाच. यंदा तर दहावीची सगळी परीक्षाच रद्द झाली आणि १६ जुलैला निकाल लागला ९९.९५ टक्के. तेव्हापासून गावात एकच वाक्य फिरतंय, आता कुणी नापासच होत नाही. पण ते गुण कुठून आले ते पाहा. १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून धरले, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. ज्या लेकरांनी नववी गंभीरपणे घेतली नव्हती ती तिथं अडकली. माझ्याकडं चांगली हुशार पोरं रडत आली, सर नववीत आम्ही क्रिकेट खेळलो. मग अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी ही वेगळी परीक्षा घ्यायचं ठरलं, ती १० ऑगस्टला उच्च न्यायालयानं रद्द केली. एवढ्या उलथापालथीत उद्या काय ठरेल ते मुंबईत बसलेल्यालाही सांगता येणार नाही. तुम्ही परीक्षा होणार असं धरून चाला. आणि नाहीच झाली, तर शाळेतल्या चाचण्यांचे, स्वाध्यायांचे कागद उपयोगी पडतात. मुलीनं शाळेत दिलेली प्रत्येक उत्तरपत्रिका दिल्याच्या तारखेसकट वहीत टिपून ठेवायला सांगा. अभ्यासक्रम यंदाही २५ टक्के कमी केलाय. कुठले घटक वगळले त्याची यादी मुख्याध्यापकांकडून घ्या, म्हणजे पोरगी नको त्या धड्यात आठवडा घालवणार नाही.

टॅबचं उत्तर सोपं आहे. घेऊ नका. आमच्या गावातही असाच एक जण गाडीवर आला होता. दहावी पक्की म्हणाला, चार कागदांवर सह्या घेतल्या. ते हप्ते नव्हते, कर्ज होतं, हे त्या घराला बँकेचा फोन आल्यावर कळलं. टॅब दोन महिन्यांत पोरांच्या खेळात गेला. तेवढ्या पैशात वर्षभराचा रिचार्ज होतो, पुस्तकं येतात आणि वर दोन डझन वह्या येतात.

खासगी क्लासचंही तुमच्या मनात असेल. गावात कुणी बी.एस्सी. झालेली मुलगी किंवा सून असेल, तर तिला महिन्याला काही द्या आणि चार-पाच पोरी ओसरीवर बसवा, तोंडाला मास्क लावून. तालुक्याच्या क्लासच्या ऑनलाईन फीपेक्षा ते कितीतरी बरं. ऑनलाईनच शिकायचं तर आम्ही फुकट शिकवतोच आहोत की.

रेंजचं मी काय सांगू, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एवढंच करा, व्हिडिओ पहाटे किंवा रात्री उशिरा उतरवून घ्या, चित्राचा दर्जा सगळ्यात खालचा ठेवून. सगळे तास थेट बघितले तर दीड जीबी दुपारीच संपतो. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे पाठ एकदा उतरवले की नेट नसतानाही चालतात.

आणि शाळा उघडण्याचं. ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नाही. ७ जुलैच्या शासन निर्णयाप्रमाणे ज्या गावात महिनाभर कोरोनाचा रुग्ण नाही, तिथं आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करता येतात. १५ जुलैपासून अशा शाळा सुरूही झाल्यात. ठरवणारी समिती गावातलीच, अध्यक्ष सरपंच. पालकांची लेखी संमती लागते. तुमची दोन्ही लेकरं यात बसतात. गावात रुग्ण नसेल तर चार बाया मिळून सरपंचाकडं जा आणि बैठक कधी घेता, विचारा. आमच्या गावात पुरुषांनी दोनदा विचारलं, काही झालं नाही. बचत गटाच्या बाया गेल्या आणि आठ दिवसांत ठराव झाला. मी मास्तर असून हे सांगतोय, कारण शाळा उघडा म्हणून आम्ही मागं लागलो की त्याला शिक्षकांचं राजकारण म्हणतात.

आता कारखान्याचं. तुम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणार, मार्च-एप्रिलला येणार. नेमकं दहावीचं निम्मं वर्ष. मुलगा आठवीला आहे, त्याच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार का, हे शाळा व्यवस्थापन समितीला आत्ताच विचारून ठेवा. ती सोय आठवीपर्यंतच्या लेकरांची असते, मुलीला तिचा उपयोग नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ८२ वसतिगृहं जूनमध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलीत, पण मंजुरी आणि खाट यांच्यात किती वर्षं जातात ते आपण जाणतो. यंदा त्या भरवशावर राहू नका.

मुलीला उसाच्या फडावर नेऊ नका. नेली की ती स्वयंपाक करणार, लहान लेकरं सांभाळणार, आणि डिसेंबरात मोळ्या बांधायला लागणार. वर बोर्डाचा फॉर्म भरायच्या वेळी ती इथं पाहिजे. आजी असेल तर आजीजवळ ठेवा. आजी एकटी असेल तर मुलीच्या वर्गातल्या आणखी एक-दोन पोरी, ज्यांचे आईबाप तुमच्यासारखेच जाणार आहेत, त्यांना रात्री एकाच घरी झोपू द्या. मोठा मोबाईल मुलीजवळ ठेवून जा, तुम्ही बटनाचा घेऊन जा. आठवड्यातून एकदा तिच्या वर्गशिक्षकांना फोन करा, तिला नाही. तिला तर तुम्ही रोज करालच.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, म्हणून मीच काढतो. जाण्याआधी घरात कुणीतरी म्हणेल, एवढी मोठी पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, त्यापेक्षा उरकून टाकू. टाळेबंदीत लग्नं घरातल्या घरात, कमी खर्चात होतात, हेही म्हणतील. जोडी झाली की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, धरतात आणि उचल मिळते, हे तर न बोलता सगळ्यांना माहीत असतं. गेल्या दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या दोन मुलींची नावं हजेरीत राहिली आणि मुली सासरी गेल्या. मला कळलं ते जानेवारीत, वही मागायला घरी गेलो तेव्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, आणि ती पाहणी २०१९ ची, टाळेबंदीच्या आधीची. असं बोलणं घरात निघालं तर मला किंवा मुलीच्या बाईंना फोन करा. तुम्हाला बोलता येत नसेल तर मुलीला १०९८ हा नंबर पाठ करून ठेवायला सांगा, तो फुकट लागतो. गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, त्यालाही सांगता येतं. हे लग्न लावणाऱ्या मोठ्या माणसांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे मामा-काकांच्या कानावर घालायला हरकत नाही.

मुलीसाठी एक गणित देतो. तीन वह्या आणि दोन पेन यांचे ८० रुपये होतात. एक वही आणि चार पेन यांचे ६० रुपये. वही केवढ्याला, पेन केवढ्याला? सोडवायचं तिनं, ताळा तुम्ही करायचा, आणि पानाचा फोटो मला पाठवायचा, खाडाखोडीसकट. उत्तर मी इथं लिहीत नाही.